वकिलाची कचेरी : एक शाळा
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



बारावीचा निकाल लागला की पालक आम्हा शिक्षकांकडे सल्ल्यासाठी येतात. डॉक्टर, इंजिनियर ही नावे आधी निघतात. वकिलीचे नाव काढले की प्रश्न येतो, "सर, आमच्या घराण्यात वकील कोणी नाही. मुलाला कचेरीत उभे कोण करणार?" हा प्रश्न रास्त आहे. पदवी महाविद्यालय देते, पण वकील घडतो तो कचेरीत. म्हणून आज त्या कचेरीविषयी चार शब्द बोलणार आहे.

कायद्याची महाविद्यालये निघण्यापूर्वी कचेरी हीच शाळा होती. इंग्लंडात 1728 च्या कायद्याने ॲटर्नी होऊ इच्छिणाऱ्यास पाच वर्षांची उमेदवारी सक्तीची केली. त्या काळी टंकलेखन यंत्र नव्हते. उमेदवार दिवसभर दस्तऐवजांच्या नकला करी. त्यातून कोणाला कायद्याची भाषा उमगे, तर कोणी नुसता नकलनवीसच राही. सारे गुरूवर अवलंबून असे. शिवाय उमेदवारीसाठी गुरूला रक्कम मोजावी लागे, म्हणजे गरिबाला दार बंदच! अमेरिकेत लिचफील्ड गावी टॅपिंग रीव्ह या वकिलाकडे शिकणारे इतके वाढले की 1784 साली त्यांनी घराशेजारी वर्गासाठी छोटी इमारत बांधली. कायद्याची शाळा अशी कचेरीच्या पोटातून जन्माला आली.

आपल्या मुंबईचे उदाहरण घ्या. कमरुद्दीन तय्यबजी हे 1858 साली सॉलिसिटर झाले. तो मान मिळविणारे ते पहिले भारतीय. त्यांचे धाकटे बंधू बद्रुद्दीन 1867 साली बॅरिस्टर झाले, पुढे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्तीही झाले. बद्रुद्दीन यांना वाट दाखविणारा वडील भाऊ घरातच होता. ज्यांच्या घरी असा भाऊ नाही, त्यांचे काय?

त्याचे उत्तर गांधीजींच्या चरित्रात सापडते. 1891 साली ते बॅरिस्टर होऊन परतले, पण मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात उलटतपासणीला उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. त्यांनी पक्षकाराचे 30 रुपये परत केले. पदवी होती, कचेरीचा सराव नव्हता. 1893 साली ते दादा अब्दुल्ला या मेमन व्यापाऱ्याच्या दाव्यासाठी दक्षिण आफ्रिकेत गेले. दावा 40,000 पौंडांचा आणि हिशेबाचा गुंता मोठा. गांधीजी जमाखर्च शिकले, एकेक कागद वाचला आणि शेवटी लवादामार्फत तडजोड घडवून आणली. ज्युनियर वकील सीनियरच्या कचेरीत जे शिकतो ते आपण तेथे शिकलो, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे.

कचेरीत शिकायचे तरी काय? पक्षकाराचे बोलणे शांतपणे ऐकणे, खरेदीखत आणि सातबारा वाचणे, फिर्याद व कैफियत लिहिणे, मुदत न चुकविणे आणि ऐकलेली गोष्ट पोटात ठेवणे. यांपैकी एकही गोष्ट केवळ पुस्तकातून येत नाही.

आपल्या देशात सनदेपूर्वीच्या प्रशिक्षणाची अट 1973 साली कायद्यातून काढली गेली. बार कौन्सिलने 1995 साली ती नियमांद्वारे पुन्हा आणली, पण सर्वोच्च न्यायालयाने 1999 साली ते नियम रद्द केले. मात्र कनिष्ठ न्यायाधीशपदाच्या परीक्षेला बसण्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट याच न्यायालयाने 20 मे 2025 च्या निर्णयाने पुन्हा घातली. म्हणजे न्यायाधीश होऊ पाहणाऱ्यालाही कचेरीची पायरी टाळता येत नाही. पहिली वर्षे मिळकतीची नसतात. अशा वेळी ज्याचे घर तग धरील तोच टिकणार, ही खरी अडचण आहे.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. शिक्षणाचा खर्च मोजताना पदवीनंतरची तीन वर्षेही हिशेबात धरा, आणि मुलीच्या बाबतीतही तोच हिशेब करा. समाजातील वकील मंडळींनी दरवर्षी ओळखपाळख नसलेला एखादा तरी मुलगा वा मुलगी आपल्या कचेरीत घ्यावी. संस्थेने अशा उमेदवारांसाठी थोडी विद्यावृत्ती आणि ग्रंथालयात कायद्याच्या पुस्तकांचे एक कपाट ठेवावे. विद्यार्थी मित्रहो, तुम्ही मात्र आजपासून सुवाच्य, नेमके आणि खरे लिहिण्याची सवय करा. कचेरीत पहिल्या दिवशी तीच कामी येईल.