बिल हातात पडण्याआधी
(कोल्हापूर येथील महिला मेळाव्यातील भाषण)



दवाखान्याचे बिल हा बायकांचा प्रश्न कसा, असे मला नेहमी विचारतात. पेशंट घरातला कोणीही असो, आधी मोडतात ते बाईचे दागिने. मग बचत गटाचे कर्ज, मग फायनान्सचा हप्ता. हप्त्यासाठी शेवटी मुलीची शाळा सुटते.

राधानगरीकडच्या एका बाईंच्या नवऱ्याच्या छातीत कळ आली. रुग्णालयाच्या दारावर महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा फलक होता, उपचारही योजनेत मंजूर झाला. त्या निर्धास्त झाल्या. घरी सोडताना मात्र 'औषधे, तपासण्या योजनेत बसत नाहीत' म्हणून बिल हातात पडले. खरे तर मंजूर उपचाराच्या पॅकेजमध्ये खाट, डॉक्टरांची फी, औषधे, तपासण्या, जेवण आणि घरी परतण्याचे भाडेसुद्धा धरलेले असते. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. मंगळसूत्र गहाण पडले.

म्हणून तीन गोष्टी पाठ करू या.

एक : दाखल होतानाच रेशनकार्ड घेऊन आरोग्यमित्राला गाठा. हा उपचार योजनेच्या यादीत आहे का, ते विचारा. २०२३ च्या शासन निर्णयाने ही योजना सर्व रेशनकार्डधारकांना खुली झाली, पण यादीबाहेरच्या उपचाराला ती लागू नाही. पैसे मागितले तर पावती मागा आणि १५५३८८ वर तक्रार करा.

दोन : २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांनुसार खाजगी रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावली पाहिजे. बिल थकले म्हणून पेशंटला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही.

तीन : धर्मादाय रुग्णालयात दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा.

पण एवढ्याने भागत नाही. दर लावा असे नियम म्हणतो, दर किती असावा ते सांगत नाही. करोनाच्या साथीत, मे २०२० मध्ये, शासनाने खाजगी रुग्णालयांचे दर बांधले : साध्या वॉर्डला दिवसाला चार हजार, अतिदक्षता विभागाला साडेसात हजार, व्हेंटिलेटरसह नऊ हजार. बिलांची तपासणी झाली, जादा घेतलेले पैसे काही कुटुंबांना परत मिळाले. म्हणजे मनात आणले तर शासनाला हे जमते. मग साथ नसताना का नको?

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या भागातल्या एका रुग्णालयात दरपत्रक लावले आहे का, पाहून यावे. जिथे नाही त्यांची यादी घेऊन आपण सगळ्या मिळून आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाऊ. एकटी बाई बिलासमोर गप्प बसते. पन्नास जणी गेल्या तर उत्तर द्यावेच लागते.