भीतीचा पहिला झटका : समज आणि उपाय
(पालक मेळाव्यातील भाषण)



या व्यासपीठावरून आपण नेहमी निकाल, शिष्यवृत्त्या आणि प्रवेश यांविषयी बोलतो. आज मी जरा निराळ्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. मी डॉक्टर नाही, शिक्षक आहे. परंतु ज्या गोष्टीच्या अज्ञानापायी चांगली कर्ती माणसे मनातल्या मनात खचत जातात, ते अज्ञान दूर करणे हे शिक्षकाचेही काम आहे, असे मी मानतो.

समजा, एक पस्तिशीचा गृहस्थ आहे. नोकरी आहे, घराचे हप्ते आहेत, धाकट्या बहिणीच्या लग्नाची काळजी आहे. एके दिवशी एस.टी.त बसलेला असताना एकाएकी त्याच्या छातीत धडधड सुरू होते. दरदरून घाम फुटतो, श्वास पुरत नाही, हातापायांना मुंग्या येतात. आता आपण मरणार, नाही तर आपल्याला वेड लागणार, असे त्याला वाटू लागते. काही मिनिटांतच ही अवस्था कळसाला पोचते आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. दवाखान्यात कार्डिओग्राम निर्दोष निघतो. घरची मंडळी म्हणतात, "वहम आहे." शेजारी म्हणतात, "नजर लागली." तो मात्र त्या दिवसापासून एस.टी.त पाऊल टाकायला घाबरतो.

हे ढोंग नव्हे आणि मनाचा दुबळेपणाही नव्हे. अमेरिकेतील यादवी युद्धात लढलेल्या सैनिकांमध्ये अशीच धडधड आणि धाप डॉ. डा कोस्टा यांना आढळली. त्यांनी त्याविषयी 1871 साली लिहिले. रणांगण पाहिलेल्या माणसांना कोणी भित्रे म्हणेल काय? पुढे 1980 साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने अशा वारंवार येणाऱ्या झटक्यांच्या विकाराची स्वतंत्र नावाने नोंद केली. आज त्याला 'पॅनिक डिसऑर्डर' म्हणतात. एखादाच झटका आला म्हणजे हा विकार जडला, असे मात्र नाही.

मग शरीरात होते तरी काय? समोर साप दिसला की शरीर पळण्याची तयारी करते. अ‍ॅड्रिनलिन रक्तात उतरते, हृदय वेगाने चालते, श्वास जलद होतो. भीतीच्या झटक्यात हीच तयारी होते, फक्त साप नसतो. जलद श्वासामुळे रक्तातील कार्बन डायॉक्साइड कमी होतो. म्हणून मुंग्या येतात आणि डोके हलके होते. त्यामुळे माणूस अधिक घाबरतो आणि श्वास अधिकच जलद होतो. असे हे चक्र आहे.

आता उपायांकडे वळू.

पहिली गोष्ट, पहिल्या झटक्याच्या वेळी 'ही नुसती भीती आहे' असा निकाल आपण स्वतः देऊ नये. छातीत दुखत असेल, कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, तर वेळ न दवडता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हृदय, थायरॉइड, रक्तातील साखर आणि हिमोग्लोबिन यांची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्यावी.

दुसरी गोष्ट, तपासणी निर्दोष निघाल्यावर पुन्हा तसा झटका आला, तर शांत बसावे. श्वास नाकाने सावकाश घ्यावा आणि त्याहूनही सावकाश सोडावा. ही लाट आहे, ती चढते तशी उतरतेही, असे स्वतःला सांगावे. तोंडाला कागदी पिशवी लावण्याचा जुना उपाय करू नये. दम्याच्या किंवा हृदयाच्या रोग्याला तो धोक्याचा ठरू शकतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. जिथे झटका आला ती जागा टाळू नये. आज एस.टी. टाळली, तर उद्या बाजार सुटतो, परवा मशिदीतील गर्दी नकोशी होते आणि शेवटी माणूस उंबऱ्याच्या आत कोंडला जातो. आज एक थांबा, उद्या दोन, अशी हळूहळू सवय करावी.

चौथी गोष्ट, झटके पुन्हा पुन्हा येत असतील किंवा पुढच्या झटक्याचीच धास्ती बसली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. विचार आणि वागणूक यांना वळण लावणारी उपचारपद्धती आहे, औषधेही आहेत. औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून ती मध्येच सोडू नयेत. झोपेच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. चहा, कॉफी आणि तंबाखू कमी करावी. केंद्र सरकारने 2022 साली सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेचा क्रमांक 14416 आहे. तिथे रात्री-अपरात्रीही विनामूल्य सल्ला मिळतो आणि मराठीतही बोलता येते.

कोणी म्हणेल, दुआ पुरेशी नाही काय? दुआ अवश्य करावी, तिने धीर येतो. पण ताप आला की आपण दुआही करतो आणि दवाही घेतो. मग मनाच्या दुखण्याला वेगळा न्याय का?

भगिनींनो, घरात कोणाला असा त्रास झाला तर "काही नाही, उठ" असे म्हणू नका. जवळ बसा आणि "मी इथेच आहे" एवढेच म्हणा. विद्यार्थी मित्रांनो, अब्बा किंवा अम्मी घाबरलेल्या दिसल्या म्हणून तुम्ही घाबरून जाऊ नका, आणि हसू तर मुळीच नका. आणि कर्त्या पुरुषांनो, घर चालवणाऱ्याने दुखणे लपवलेच पाहिजे, असा कोठे नियम नाही. आज घरी गेल्यावर निदान एका माणसाजवळ तरी मन मोकळे करा, एवढीच माझी विनंती आहे.