पावत्यांची फाईल
(रौप्यमहोत्सवी समारंभातील मनोगत)

सेक्रेटरी असताना मला रोज एकच प्रश्न असायचा: "काका, तक्रार कुठे करायची?" आधी उत्तर सोपं होतं, सिडको. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका झाली आणि कामोठे तिच्यात गेलं. पुढे कचरा महापालिकेकडे, पाणी मात्र सिडकोचंच. मग मालमत्ता कराची बिलं आली, तीही २०१६ पासूनची! मधल्या वर्षांचं सेवाशुल्क तर आपण सिडकोला भरलेलं. त्यावरून आपल्याच मीटिंगमध्ये केवढी भांडणं झाली, आठवतंय ना? कोणी कर भरला, कोणी थांबलं. दोघंही आपलेच. मी भरला, पण सेवाशुल्काच्या पावत्या टाकल्या नाहीत. ऑफिसच्या कपाटात खालच्या कप्प्यात फाईल आहे. नव्या कमिटीने तिला वाळवी लागू देऊ नये. कपाटाची चावी अजून माझ्याकडेच राहिलीय, ती आज देतो.