मिठाच्या बदल्यात चारोळी



आलापल्लीहून जंगलातली वाट तुडवत तुम्ही एटापल्लीला आलात. या शिक्षक-पालक संमेलनाचा स्वागताध्यक्ष म्हणून मी तुमचं मनापासून स्वागत करतो.

आपल्या या मुलखात एके काळी व्यापारी मीठ घेऊन यायचे आणि त्याच्या भारोभार चारोळी घेऊन जायचे. मिठाची गरज खरी होती. चारोळीचा शहरातला भाव तेवढा आम्हाला ठाऊक नव्हता. आज पोराच्या हातातला फुकटचा गेम म्हणजे तेच मीठ. पोराचं नाव, वय, फोटो, ठावठिकाणा, कुठल्या चित्रावर बोट किती वेळ रेंगाळलं, ही सगळी चारोळी. टीव्हीवरची जाहिरात अख्ख्या गावाला एकच दिसायची. गेममधली मात्र त्या एकट्या पोरासाठी निवडलेली, आणि खेळात अशी मिसळलेली, की ती जाहिरात आहे हेच त्याला उमगत नाही.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती लागते. काही अपवाद सोडले, तर मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. चुकलं तर 200 कोटी रुपयांपर्यंत दंड. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. या तरतुदी लागू व्हायला त्यापुढे 18 महिन्यांची मुदत आहे.

पण संमतीची सूचना वाचायची ती इंग्रजीत, नाहीतर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी एकीत. त्यांत मराठी आहे. आपल्याकडची गोंडी नाही, माडियाही नाही. मग माडिया आईला ती वाचून कोण दाखवणार? तेच पोर! ज्याच्यासाठी परवानगी मागायची, तोच दुभाष्या.

संमती म्हणजे काय, हे आपल्या गडचिरोली जिल्ह्याला बाहेरून शिकावं लागत नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने सगळ्यांचं एकमत होईपर्यंत ग्रामसभेत बोलत राहायची रीत पाडली आणि 2009 मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. तीच रीत फोनलाही लावू. गुरुजींनी या सूचना पालकसभेत माडियातून समजावून सांगाव्यात. आणि 'हे फुकट का देतात?' एवढं विचारल्याशिवाय कुणी 'हो' वर बोट ठेवू नये.

व्यवस्थेत उणंदुणं राहिलं असेल तर सांभाळून घ्या. जेवणात मीठ कमी लागलं, तर हक्काने मागा. बदल्यात आम्ही चारोळी मागणार नाही.

जोहार!