टक्के कशाचे? : वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेचा हिशेब



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलाविले, तेव्हा संप, टाळेबंदी नाही तर नव्या कामगार-संहिता यांवर आम्ही बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय कळविला तो वजनाचा. 'हा डॉक्टरांचा विषय नव्हे काय?' असे एका चालकांनी विचारले. आहेच. पोट कोठे कापावे आणि टाके कसे घालावेत हे डॉक्टरांनीच सांगावे. त्यात सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाने तोंड घालू नये. परंतु पुढे किती किलो उतरणार, हा हिशेबाचा प्रश्न आहे, आणि टक्केवारी वाचण्यात आमची तीस वर्षे गेली आहेत.

टक्क्यांची गंमत कामगाराला बोनसने शिकविली. १९६५ च्या कायद्याने जास्तीत जास्त २० टक्के बोनस ठरविला. ऐकणाऱ्याला वाटे, पगाराचा पाचवा हिस्सा मिळणार! पण हिशेब साऱ्या पगारावर होत नसे. २०१५ च्या दुरुस्तीने त्याची मर्यादा महिना ७,००० रुपये किंवा किमान वेतन, यांत जे जास्त असेल ते, अशी केली. तेव्हा कोणी टक्के सांगितले की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कशाचे?

आता शस्त्रक्रियेकडे येऊ. आपल्याकडे दोन प्रकार विशेष ऐकू येतात. एकात जठराचा सुमारे तीनचतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात व सदऱ्याच्या बाहीसारखी अरुंद नळी ठेवतात. तिला स्लीव्ह म्हणतात. दुसऱ्यात जठराची लहानशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात, तो बायपास. (हृदयाच्या बायपासशी याचा काही संबंध नाही. आमच्या एका सभासदाच्या घरी हे नाव ऐकताच रडारड झाली होती.) दोन्हींत घास कमी जातो, आणि भूक चाळविणारे जे रस शरीरात असतात त्यांतही फरक पडतो.

जाहिरातीत लिहिलेले असते, '६० ते ७० टक्के वजन कमी.' समजा, एका गृहस्थांची उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ११५ किलो आहे. ११५ चे ६० टक्के म्हणजे ६९ किलो. मग उरणार ४६! इतके कोणी खरे मानीत नाही, पण 'निदान पासष्टावर तरी येऊ' असे मनात धरतो. वास्तविक ते टक्के जादा वजनाचे असतात. या उंचीला सुमारे ६८ किलो ही योग्य वजनाची वरची मर्यादा धरतात. म्हणजे जादा वजन ४७ किलो. त्याचे ६० टक्के २८ किलो. गृहस्थ ११५ वरून ८७ वर येणार. एकूण वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा गेला. शस्त्रक्रिया उत्तम झाली असे डॉक्टर म्हणतील, आणि आरशासमोरचा माणूस म्हणेल, आपण फसलो.

टक्के कशाचे हे कळले तरी, ते केव्हाचे हा दुसरा प्रश्न उरतोच. येथे स्वीडन देशातील एक मोठी पाहणी कामाला येते. १९८७ साली ती सुरू झाली. शस्त्रक्रिया केलेले २,०१० आणि साधे उपचार घेणारे २,०३७ अशा लठ्ठ स्त्रीपुरुषांची नोंद त्यांनी वर्षानुवर्षे ठेवली. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले. हे टक्के मात्र एकूण वजनाचे. दहाव्या वर्षी ही घट २५ टक्के उरली. त्या काळी जठराला पट्टा बांधीत. त्या लोकांची घट २० टक्क्यांवरून १४ वर आली. आणि शस्त्रक्रिया न केलेले? त्यांचे सरासरी वजन पंधरा वर्षांत दोन टक्केही इकडचे तिकडे झाले नाही. २००७ साली मृत्यूंचा हिशेब प्रसिद्ध झाला : शस्त्रक्रिया केलेल्यांत १०१, न केलेल्यांत १२९.

हे आकडे आमच्या गृहस्थांना लावून पाहा. दोन वर्षांच्या आत ते ७८ वर येतील, दहाव्या वर्षी ८६ वर असतील. ही सरासरी आहे. कोणाचे याहून अधिक उतरते, कोणाचे कमी. परंतु ७८ हा मुक्काम समजून जो बसला, त्याला पुढचे आठ किलो पराभवासारखे वाटतात. ते बहुधा खादाडपणाचे नसतात. वजन उतरले की शरीराचा रोजचा खर्चही उतरतो, भूक थोडी परतते, घास थोडा वाढतो. मधुमेहाचेही तसेच. त्याच पाहणीत दोन वर्षांनी १०० पैकी ७२ मधुमेही रोगमुक्त दिसले. दहा वर्षांनी ३६.

आमच्या ओळखीच्या एका कामगाराने पतपेढीचे कर्ज काढून हे करवून घेतले. पहिल्या वर्षी कारखान्यात त्याचे कौतुक झाले. पाचव्या वर्षी पाच-सात किलो परत आले, तेव्हा कँटीनमध्ये कोणी म्हणाले, 'पैसे पाण्यात गेले रे तुझे!' गडी इतका शरमला की तपासणीला जाणेच त्याने सोडले आणि गोळ्याही बंद केल्या. या शस्त्रक्रियेनंतर बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि रक्ताची तपासणी जन्मभर चालू ठेवावी लागते. वर्ष-दीड वर्षात जिना चढताना त्याला धाप लागू लागली. रक्त पार उतरले होते. आता तो सावरला आहे. आम्हांला राग येतो तो याचा की, त्याची मधुमेहाची गोळी सुटली होती, गुडघे चालते झाले होते, रात्रीचे घोरणे थांबले होते, आणि यांतले काहीही कँटीनच्या हिशेबात धरले गेले नाही.

सैल पडणाऱ्या कातडीविषयी आणि पहिल्या काही महिन्यांत गळणाऱ्या केसांविषयी आधी कोणी बोलत नाही. केस बहुधा परत येतात, कातडी पूर्ववत होत नाही. दारूही लवकर चढते. आमच्या काही मंडळींनी हे वाक्य विशेष लक्षात ठेवावे.

आता पैशाचे. वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो, त्याला बीएमआय म्हणतात. आपल्याकडील डॉक्टर ३७.५ च्या पुढे, किंवा मधुमेहासारखी व्याधी सोबत असल्यास ३२.५ च्या पुढे, शस्त्रक्रियेचा विचार करीत आले आहेत. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली जी अट घातली ती मात्र ४० ची, आणि काही गंभीर व्याधी असल्यास ३५ ची. या दोन रेषांच्या मध्ये जो सापडेल त्याला डॉक्टर 'करा' म्हणतील आणि विमा कंपनी खर्च नाकारू शकेल. म्हणून कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी पॉलिसीचे ते कलम वाचून घ्या. आणि डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून मागा : आजचे वजन, एका वर्षाने किती अपेक्षित, पाच वर्षांनी किती, घट एकूण वजनाची की जादा वजनाची, आणि तपासण्या व गोळ्यांचा दर वर्षीचा खर्च. डॉक्टर रागावतील ही भीती बाळगू नका. चांगला डॉक्टर हे आकडे तोंडी सांगतोच. आपण फक्त ते खिशात ठेवावयाचे.