लिलावातील घराची स्वस्ताई

जप्त घरांच्या लिलावाची जाहिरात पगारदार माणसाला मोह घालते. बाजारभावाहून कमी किमतीत घर! परंतु ही स्वस्ताई म्हणजे बँकेचे औदार्य नव्हे. खरेदीदाराच्या माथी आलेल्या जोखमीची ती किंमत होय.

२००२ च्या सरफेसी कायद्याने, कर्जदाराला ६० दिवसांची नोटीस देऊन, न्यायालयात न जाता तारण घर विकण्याचा अधिकार बँकांना दिला. विक्री मात्र ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर होते. सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर, यांचा शोध खरेदीदारानेच घ्यावयाचा. २५ टक्के रक्कम तत्काळ, उरलेली विक्री कायम झाल्यावर साधारणतः १५ दिवसांत भरावयाची. चुकल्यास भरलेली रक्कम जप्त.

म्हणून पहिला प्रश्न किमतीचा नसून ताब्याचा आहे. बँकेचा ताबा प्रत्यक्ष की केवळ सांकेतिक? सांकेतिक असल्यास त्या दारामागे कर्ज थकलेले कुटुंब अजून राहत असू शकते. कर्जवसुली न्यायाधिकरणात त्याचा अर्जही प्रलंबित असू शकतो. मग एकाचे छप्पर जाते, दुसऱ्याची आयुष्याची बचत अडकते. सुरक्षित राहते ती बँकेची वसुली. रिकामे, निर्वेध घर अवश्य घ्यावे. वादातील घर कोणत्याही भावाने महागच.