संगणक कोणत्या कर्नलने सुरू व्हावा?

(सीमाभागातील मराठी शाळांच्या शिक्षकांसमोर केलेले भाषण)



बीदर जिल्ह्यातील भालकी, औराद, बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या तालुक्यांत मराठी व कन्नड शेजारीशेजारी नांदतात. अशा भागातील शाळेस लिनक्स ही संगणक प्रणाली विशेष सोयीची आहे. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेने २००७ साली प्रसृत केलेल्या ‘बॉस’ या लिनक्स प्रणालीत दोन्ही भाषांत काम करता येते आणि परवान्याचे मूल्य द्यावे लागत नाही. मात्र ती सांभाळण्याची जबाबदारी आपली आहे. त्या जबाबदारीचा एक लहानसा भाग आज मला सांगावयाचा आहे.

प्रणालीच्या गाभ्यास कर्नल म्हणतात. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा कर्नल प्रथम जगापुढे ठेवला. कळफलक, पडदा, छपाईयंत्र यांच्याशी होणारा सर्व व्यवहार कर्नलमार्फत चालतो. त्यात सुधारणा होत असल्याने नवा कर्नल वेळोवेळी येतो. पण जुना लगेच पुसला जात नाही. संगणक सुरू होताना ‘ग्रब’ नावाचा कार्यक्रम त्यांतील एक निवडतो. वेगळे सांगितले नसेल, तर तो बहुधा सर्वांत नवा घेतो.

अडचण येथेच उद्भवते. नवा कर्नल बसत असताना वीज गेली, तर त्याच्या फायली अर्धवट राहू शकतात. कधी जुन्या यंत्राचा एखादा भाग नव्या कर्नलशी जुळत नाही. मग संगणक सुरूच होत नाही. ‘यंत्र बिघडले’ असे समजून खोलीस कुलूप लागते आणि तंत्रज्ञ येईपर्यंत मुलांच्या शिष्यवृत्ती-अर्जाची मुदत टळते. वास्तविक चांगला जुना कर्नल बहुधा त्याच यंत्रात शाबूत असतो.

अशा वेळी यंत्र चालू करताच शिफ्ट कळ दाबून धरावी. नव्या धाटणीच्या यंत्रावर एस्केप कळ दाबावी. ग्रबची यादी दिसेल. तीतील ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ या ओळीत शिरून जुना कर्नल निवडावा.

हीच निवड कायम ठेवावयाची असल्यास ‘इटीसी’ कप्प्याच्या ‘डिफॉल्ट’ उपकप्प्यातील ‘ग्रब’ ही फाईल प्रशासकाच्या अधिकाराने उघडावी. तीत ‘ग्रब डिफॉल्ट’ या नोंदीपुढे शून्य असते. त्याऐवजी ‘सेव्ह्ड’ हा शब्द रोमन लिपीत लिहावा आणि ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा द्यावी. त्यानंतर ‘ग्रब-सेट-डिफॉल्ट’ या आज्ञेपुढे उपयादीचे नाव व कर्नलचे नाव, मध्ये ‘पेक्षा मोठे’ हे गणिती चिन्ह घालून, अवतरणचिन्हांत द्यावे. यादीतील क्रमांक देऊ नये. ही गणना शून्यापासून होते आणि नवा कर्नल आला की क्रमांक सरकतात. नाव मात्र बदलत नाही.

नवा कर्नल पारखण्यासाठी ‘ग्रब-रीबूट’ ही आज्ञा आहे. तिने केलेली निवड केवळ पुढील एका वेळेपुरती असते. यंत्र अडले, तर ते बंद करून पुन्हा चालू केल्यावर विश्वासाचा कर्नल आपोआप परत येतो.

एक इशारा आवश्यक आहे. जुना कर्नल हा आधार आहे. कायमचा मुक्काम नव्हे. सुरक्षिततेच्या नव्या दुरुस्त्या त्यात नसतात. म्हणून वीज स्थिर असताना सुधारणा बसवावी, नवा कर्नल चार दिवस पारखून पाहावा आणि मगच तो कायम करावा. तोवर जुना काढून टाकू नये.

प्रत्येक शाळेने संगणकाशेजारी एक वही ठेवावी. कोणता कर्नल चालतो, केव्हा बदलला व कोणी बदलला, हे तीत लिहावे. शिक्षकाची बदली झाली तरी ज्ञान शाळेतच राहील.